घड्याळामागचा फॉर्म

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



मुली आणि तंत्रशिक्षण या विषयावर बोलाल का, असं मला विचारण्यात आलं तेव्हा आधी हसूच आलं. मी कवी माणूस. मराठी घेऊन शिवाजी विद्यापीठाचा बी.ए. झालो आणि उमेदीची वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवली. घरातला मिक्सर बंद पडला तर मी फक्त प्लग काढतो आणि पिशवी घेऊन भाजी आणायला जातो. परत येईपर्यंत कुणीतरी तो चालू केलेला असतो.

पण मग वाटलं, या विषयावर बोलायला यंत्र कळायलाच हवं असं नाही. मुलीची वाट वर्कशॉपमध्ये अडत नाही. त्याच्या कितीतरी आधी, रात्री जेवणं झाल्यावर घरातले दोन पुरुष बोलत बसतात, तिथे ती अडते. आमच्या घरात ती एकदा माझ्यामुळे अडली होती. तेवढ्या अधिकारावर मी बोलणार आहे.

मी सोलापूरचा. अब्बा चादरीच्या कारखान्यात जेकार्डच्या मागावर होते. सोलापुरी चादर तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी असेल. तिच्यावरचा मोर, वेल, फुलं छापलेली नसतात, विणलेली असतात. मागाच्या डोक्यावर जाड पुठ्ठ्यांची एक माळ फिरत असते आणि पुठ्ठ्यांना भोकं असतात. जिथे भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो, जिथे नसेल तिथला खाली राहतो, आणि मधून बाण्याचा धागा निघून जातो. पुठ्ठ्यांचा क्रम चुकला तर मोराची मान पोटातून निघायची. मी डबा घेऊन जायचो तेव्हा अब्बा हे सगळं माझ्या कानाशी ओरडून सांगायचे, कारण मागांच्या खडखडाटात दुसरं काही ऐकूच यायचं नाही. ही पुठ्ठ्यांची माळ जरा लक्षात ठेवा. ती पुढे पुन्हा येणार आहे.

आजीच्या काळी माग घरातच होता. हातमाग. आजी रहाटावर कांड्या भरायची, सुताला खळ लावायची, तुटलेले धागे सांधायची. निम्मं कापड तिचंच असायचं म्हणा ना. मग यंत्रमाग आले, माग घरातून कारखान्यात गेला आणि यंत्राशी उभं राहायला पुरुष गेला. अम्मीच्या वाट्याला बिड्या आल्या. मांडीवर सूप, त्यात पानं आणि तंबाखू, हाताशी कात्री आणि पत्र्याचा फर्मा. पान फर्म्यावर ठेवून कापायचं, भरायचं, वळायचं, सूत बांधायचं, तोंड दुमडायचं. हजार बिड्या झाल्या की दिवस संपला. गप्पा मारताना तिची बोटं न बघता चालायची. बारीक काम बाईचंच, असं सगळेच म्हणतात. पण त्या बारीक कामाचं यंत्र आलं की ते यंत्र पुरुषाचं कसं होतं, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

माझी धाकटी बहीण माझ्याहून तीन वर्षांनी लहान. आमच्या घरी दोन बँडचा रेडिओ होता. तो एकदा खरखरून बंद पडला आणि दुरुस्तीला पैसे नव्हते म्हणून दोन महिने कपाटावर बसून राहिला. बहीण तेव्हा नववीत होती. एका दुपारी तिने तो खाली उतरवला आणि उघडला. स्पीकरची तार सुटली होती. तिने गल्लीतल्या रेडिओवाल्याकडून कथलाचा एक तुकडा मागून आणला, स्टोव्हवर स्क्रू ड्रायव्हर तापवला आणि झाळ लावली. संध्याकाळी बातम्या लागल्या. अब्बा कारखान्यातून आले ते दारातच उभे राहून ऐकत राहिले. मोहल्ल्यात ज्याने त्याने विचारलं, रेडिओ कुणी केला? अब्बा नुसते हसायचे. लोकांनी धरून चाललं की अब्बांनीच केला.

१९८९ साली ती दहावी झाली. गणितात १५० पैकी १३१. शाळेतल्या बाईंनी आपणहून आयटीआयचा फॉर्म आणून दिला. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स होता. तिने फॉर्म स्वच्छ अक्षरात भरला, फक्त पालकांच्या सहीची जागा मोकळी ठेवली.

रात्री जेवणानंतर अब्बांनी तो फॉर्म माझ्यापुढे धरला. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. अब्बा म्हणाले, “तू बाहरकी दुनिया देख्या. पोरीकू भेजूं क्या?”

श्रोतेहो, मी ‘नको’ म्हणालो नाही. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की मी ‘नको’ म्हणालो नव्हतो. मी म्हणालो, “वर्गात सगळी मुलंच असतील. बस दोनदा बदलावी लागेल. थंडीत परत येईपर्यंत अंधार पडेल.” तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. अब्बांनी मान हलवली, फॉर्मची घडी घातली आणि भिंतीवरच्या घड्याळामागे खोचून ठेवली. आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि मध्ये पडदा. पडद्याआड बहीण होती. सकाळी ती नेहमीसारखी नळावर पाणी भरायला गेली.

तिला शिवणक्लासला घातलं. तीन वर्षांनी लग्न होऊन ती तेव्हाच्या गुलबर्ग्याला गेली. घर रंगवायला काढलं तेव्हा घड्याळ उतरवलं, तर फॉर्म तिथेच होता, कडांनी पिवळा झालेला.

आणि १९८९ मध्येच, दिवाळीच्या सुट्टीआधी, कॉलेजच्या काव्यवाचन स्पर्धेत मी स्त्रीच्या स्वातंत्र्यावर कविता वाचली. पिंजरा, पंख आणि आकाश, तिन्ही होते तिच्यात. दुसरा नंबर आला. बक्षिसाचं पेन मी मोठ्या मनाने बहिणीला देऊन टाकलं. तिने ते शिवणक्लासमधली मापं लिहायला वापरलं.

मुलीची वाट अडवणारा माणूस दुष्ट असतो अशी एक सोयीची समजूत आहे. तसं असतं तर फार बरं झालं असतं, त्याला ओळखता आलं असतं. अडवणारा बहुतेक वेळा प्रेमळ असतो. बस, अंधार, लोक काय म्हणतील, हे तो काळजीने सांगतो आणि त्यातलं खोटं काहीच नसतं. पण नीट पाहिलं तर यातलं एकही कारण मुलीच्या डोक्याविषयी नसतं. सगळी कारणं रस्त्याची असतात, आणि रस्त्याचं काहीतरी करता येतं. अंधार पडणार होता तर कुणीतरी बस स्टॉपवर घ्यायला जायचं. माझ्याकडे सायकल होती. ते मला सुचलं नाही. सुचलं काय, तर पंख आणि आकाश!

काही जण म्हणतील, तुमच्या समाजात हे जास्त. मी मोठा आलिम नाही, पण आमच्या धर्मातला पहिला हुकूम वाचण्याचा आहे एवढं मदरशात न गेलेल्या मुलालाही माहीत असतं. अडवतो तो धर्मापेक्षा शेजार. आमच्या भिंतीला लागून पद्मशाली कुटुंब राहायचं. त्यांच्या दोन मुली, दोघी हुशार, दोघी दहावीनंतर बिड्या वळायला बसल्या. त्यांच्याही घरात तीच बस होती आणि तोच अंधार होता.

दुसऱ्या बाजूची एक हकीगत सांगतो. मद्रासच्या ए. ललिता यांचं लग्न १५व्या वर्षी झालं, आणि १८व्या वर्षी त्या विधवा झाल्या, पदरात चार महिन्यांची मुलगी. वडील गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक होते. त्या काळच्या बापाला विधवा मुलीची काळजी वाटली नसेल का? पण त्यांनी ती काळजी घेऊन प्राचार्यांचं दार गाठलं. ललिता त्या मुलांच्या कॉलेजात दाखल झाल्या आणि १९४३ साली विजेच्या शाखेच्या इंजिनिअर होऊन बाहेर पडल्या, भारतातल्या पहिल्या काही स्त्री-इंजिनिअरांपैकी एक. त्यांच्या प्रमाणपत्रावर आधीपासून छापलेला ‘तो’ हाताने खोडून ‘ती’ करावा लागला असं सांगतात. मुद्रितशोधक म्हणून मी जन्मभर दुरुस्त्या केल्या, पण असली दुरुस्ती एकदाही माझ्या वाट्याला आली नाही.

आता २०१६. माझी लेक दहावी झाली आणि म्हणाली, “अब्बा, मला पॉलिटेक्निकला जायचंय. कॉम्प्युटर.” रमजानचे दिवस होते. बहीण माहेरी आली होती आणि परातीत डाळ घेऊन निवडत बसली होती. मी घसा साफ केला आणि बोलायला लागलो. वर्गात मुलं जास्त असतील. बस दोनदा बदलावी लागेल. प्रॅक्टिकल संपेपर्यंत अंधार...

बहिणीने परात खाली ठेवली. म्हणाली, “भाई, अब्बांना पण हेच सांगितलं होतं तुम्ही. सत्तावीस वर्षं झाली. एक शब्द बदलला नाही. कवी आहात ना?”

त्यावर मी काय बोलणार? इतक्या वर्षांत त्या रात्रीचा तिने कधी उल्लेख केला नव्हता. ती विसरली असेल असं मी समजून चाललो होतो. लेक एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती, तिला काहीच माहीत नव्हतं. मी पेन मागितलं आणि सही केली.

सही केली की बाप सुटतो असं वाटतं, पण तसं नसतं. मग रोजच्या छोट्या सह्या सुरू होतात. कॉलेजच्या सहलीला जाऊ का, प्रोजेक्टसाठी मैत्रिणीकडे थांबू का, पुण्याला डिग्रीला जाऊ का. प्रत्येक वेळी ते जुनं वाक्य घशापर्यंत यायचं. कधी मी गिळायचो, कधी ते निसटायचं.

२०१९ मध्ये तिला पुण्यात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला. वसतिगृहात जागा नव्हती म्हणून खोली शोधत फिरलो. फोनवर सगळं ठरायचं, प्रत्यक्ष गेल्यावर नाव सांगितलं की खोली नुकतीच कुणाला तरी दिलेली असायची. तीन ठिकाणी असं झालं. ज्या भाषेत मी तीस वर्षं कविता लिहिली त्याच भाषेत, अगदी गोड शब्दांत, आम्हाला वाटेला लावण्यात आलं. परत फिरावं असं माझ्या मनात आलं, आणि खरं सांगायचं तर घरी सांगायला कारणही आयतंच मिळालं होतं. चौथ्या ठिकाणी एका वयस्कर बाईंनी दार उघडलं आणि पहिलाच प्रश्न केला, “खोलीत मटण-मासे शिजवणार नाहीस ना?” लेक म्हणाली, “आजी, मला साधा भातसुद्धा शिजवता येत नाही.” बाई हसल्या. खोली मिळाली.

मग २०२० चा मार्च आला आणि ती बाडबिस्तरा घेऊन घरी परतली. तिच्याकडे जुना विकत घेतलेला लॅपटॉप होता, पण नेट माझ्या फोनवरच, दिवसाला दीड जीबी. जूनपासून धाकट्या मुलाची दहावी फोनवर सुरू झाली. सकाळी दहाला दोघांचेही वर्ग. मी जराही विचार न करता फोन मुलाच्या हातात दिला. दहावी आहे त्याची! लेक म्हणाली, “ठीक है अब्बा.” ती पहाटे फज्रच्या अजानआधी उठून रेकॉर्ड केलेली लेक्चर्स उतरवून घ्यायला लागली. पंधरा दिवस मला पत्ताही नव्हता. बायकोला होता. ती एवढंच म्हणाली, “दहावी दरवर्षी कुणाची ना कुणाची असतेच.” त्या दिवशी मी दुसऱ्या सिमचं रिचार्ज मारलं. माझ्या महिन्याच्या चहा-पानाच्या खर्चापेक्षा ते स्वस्त पडलं. बघा, सायकलीचीच गोष्ट पुन्हा.

त्याच काळात माझं एक काम निघालं. माझा पहिला कवितासंग्रह २००३ साली आमच्याच छापखान्यात कॉम्प्युटरवर जुळवला होता. दुसरी आवृत्ती काढायची ठरली. जपून ठेवलेली सीडी लेकीने लावली, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं, पौंडाची चिन्हं, सगळा खिचडा. माझ्या कविता वाचताना काही वाचकांना असंच वाटत असेल, ते सोडा. लेकीने कारण सांगितलं. जुने मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर मराठी अक्षरांचे आकार बसवायचे. तो फॉन्ट नसेल तर खुर्चीचा मूळ मालक दिसतो. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या १२८ खुर्च्या आहेत, त्यावर दुसरं कुणी बसत नाही. तेव्हा या खुर्चीवरून त्या खुर्चीवर अशी यादी करायची आणि तसा प्रोग्रॅम लिहायचा. तिने तो पायथॉनमध्ये लिहिला. पहिल्याच फटक्यात निम्मं मराठी परत आलं.

उरलेलं निम्मं अडलं ते पहिल्या वेलांटीपाशी. ‘दिवस’ शब्दात वेलांटी डोळ्याला ‘द’च्या आधी दिसते, म्हणून जुन्या फाइलमध्ये ती आधी आणि ‘द’ नंतर. युनिकोड चालतं उच्चाराने: आधी ‘द’, मग वेलांटी. ‘स्थिती’सारखा शब्द आला की वेलांटीने अख्खं जोडाक्षर ओलांडून पलीकडे जायचं. रफाराची तऱ्हा उलटी. ‘सूर्य’मध्ये तो दिसतो ‘य’च्या डोक्यावर, बोलतो मात्र ‘य’च्या आधी. लेकीने विचारलं, “अब्बा, रफार नेमका कुठे असतो?” श्रोतेहो, त्या प्रश्नाने मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! मी खुर्ची ओढून बसलो. आचार्याला आणि आचाऱ्याला यातला फरक सांगितला, रफार आणि अर्धा ‘र’ सांगितला. ती वहीत लिहून घ्यायची आणि त्याचा नियम करून यंत्राला सांगायची. कुठे चुकलं तर मी कागदावर लाल खूण करायचो, ती नियम दुरुस्त करायची. तीन आठवडे आम्ही असे रात्री बसलो. माझी बी.ए. यंत्राच्या कामी आली ती आयुष्यात त्या एकदाच.

अशाच एका रात्री ती म्हणाली, “जगातला पहिला प्रोग्रॅम एका कवीच्या मुलीने लिहिला, माहीत आहे तुम्हाला?” मला माहीत नव्हतं. बायरनची कन्या एडा लवलेस. १८१५ साली जन्मलेली. ती महिन्याभराची असताना आई तिला घेऊन निघून गेली, बायरनने देश सोडला, बापलेकीची पुन्हा भेट झालीच नाही. बापाचं कवितेचं वेड लेकीत उतरू नये म्हणून आईने तिला लहानपणापासून गणिताला बसवलं. (हे ऐकून माझी बायको आतून म्हणाली, “समजूतदार बाई.”) चार्ल्स बॅबेज नावाच्या गणितज्ञाने एका मोठ्या गणनयंत्राचा आराखडा केला होता. त्यावरच्या लेखाचं एडाने भाषांतर केलं आणि त्याला मूळ लेखाहून कितीतरी लांब टिपा जोडल्या. १८४३ साली त्या छापून आल्या. एका टिपेत यंत्राने विशिष्ट संख्या कशा काढायच्या याची पायरीपायरीने मांडणी आहे. तोच पहिला प्रोग्रॅम मानतात. यंत्राला हुकूम द्यायचे ते भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांतून, आणि ती कल्पना बॅबेजने घेतली होती जेकार्डच्या मागावरून. मागावरच्या फुलापानांशी त्या यंत्राच्या गणिताची तुलना एडाने करून ठेवली आहे.

मी उठून पाणी प्यायलो. अब्बा तेव्हा हयात नव्हते. कानाशी ओरडून त्यांनी मला जे सांगितलं होतं, त्याचा मी फार तर एखाद्या कवितेत दृष्टान्त केला असेल. त्याचं काम केलं ते नातीने. आणि तसंच काम करू शकली असती अशी एक मुलगी त्याच घरात पडद्याआड उभी होती.

नंतर मी थोडं वाचलं. १९४६ साली अमेरिकेत एनिॲक हा प्रचंड संगणक लोकांपुढे आला. त्याचे प्रोग्रॅम बसवले होते सहा स्त्रियांनी, कारण ते काम तेव्हा कारकुनी समजलं जायचं. नाव झालं यंत्र बांधणाऱ्यांचं, या सहा जणींची आठवण लोकांना व्हायला काही दशकं गेली. पुढे प्रोग्रॅम लिहिण्याला मान आणि पैसा आला तशी तिथे पुरुषांची गर्दी झाली. आजीच्या रहाटाचं आणि मागाचं झालं तेच की हे.

व्यवहाराचं थोडं सांगतो, ऐकणाऱ्यांत आयाबाप असतील. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो, त्यावर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आपल्या राज्यात तंत्रशिक्षणाच्या प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा आहेत. २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, मराठा आरक्षणाच्या आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल वर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी शासनाने माफ केली. केंद्राची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५० हजार. आयआयटीत २०१६ साली मुली शेकडा आठाच्या आसपास होत्या. २०१८ पासून त्यांच्यासाठी वाढीव जागा केल्या आणि दोन वर्षांत प्रमाण विसावर नेलं. तेवढ्या काळात देशातल्या मुलींची बुद्धी काही अचानक अडीचपट झाली नसावी, दार उघडलं एवढंच. अर्थात हे सगळं लागू होतं ते सही केलेल्या फॉर्मला.

२०२३ च्या सप्टेंबरात सूर्याकडे ‘आदित्य एल-१’ यान निघालं तेव्हा आमच्या घरी सगळे टीव्हीपुढे होते. त्या मोहिमेच्या प्रकल्प संचालक निगार शाजी. तमिळनाडूतल्या सेंगोट्टई गावच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या, तिरुनेलवेलीच्या सरकारी कॉलेजात शिकलेल्या. लोक यानाकडे बघत होते. मी विचार करत होतो, सेंगोट्टईहून तिरुनेलवेलीला बस किती वाजता सुटत असेल आणि अंधार पडल्यावर हिला घ्यायला कोण जात असेल.

कवितासंग्रहाची दुसरी आवृत्ती निघाली. प्रोग्रॅम बरोबर चालतो का हे बघायला लेकीला सगळ्या कविता वाचाव्या लागल्या होत्या, तिचा नाइलाज होता. त्या पिंजऱ्याच्या कवितेपाशी ती थांबली. तोवर तिला फॉर्मची हकीगत कळली होती. “ही फुफीवर आहे का?” तिने विचारलं. मी नाही म्हणालो. दुसऱ्या आवृत्तीत ती कविता नाही.

लेक २०२२ मध्ये नोकरीला लागली, पुण्यातच, प्रोग्रॅम लिहिण्याच्या कामावर. पहिल्या पगारातून तिने अम्मीला साडी आणली, मला चष्म्याची फ्रेम, आणि फुफीला एक सोल्डरिंग आयर्न, स्टँडसकट. बहीण ते हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. तिच्या गल्लीत शिलाई मशीन बिघडलं, मिक्सर बिघडला की बायका तिलाच हाक मारतात, हे मला माहीत होतं. पैसे मात्र कुणी द्यायचं नाही. पुरुषाने केली तर ती दुरुस्ती, बाईने केली तर ती मदत! आता ती पैसे घेते. मिक्सरचे वेगळे, मशीनचे वेगळे.

आज इथे हे सगळं बोलण्यापूर्वी मी तिला फोन केला. म्हटलं, घरातली गोष्ट आहे, रेडिओवर सांगू का? तुझी परवानगी आहे का? ती थोडा वेळ काही बोलली नाही. मागे कुठलंसं मशीन सुरू होतं. मग म्हणाली, “सांगा भाई. नाव घेऊ नका माझं. पण तो रेडिओ मी दुरुस्त केला होता, हे तेवढं नक्की सांगा. अजून अर्ध्या मोहल्ल्याला वाटतं अब्बांनी केला.”